न शिजणारी डाळ

राजापेठेत आम्ही गरजूंसाठी अन्नपेढी चालवायचो. दर रविवारी धान्याची पाकिटं मीच वाटायचो. कोणी हात जोडले की बरं वाटायचं, हे आज कबूल करतो. एकदा रांगेतल्या भाजीवालीने तिथेच पाकीट फोडून डाळीचा दाणा दाताखाली धरला. "भाऊ, हे डाळ शिजतच नाई. काहून आणता?"

मी भडकलो. फुकटचं घ्यायचं आणि वर नावं ठेवायची! पण घरी तीच डाळ लावली, तर सहा शिट्ट्यांनंतरही टणक.

दुसऱ्या दिवशी खाली मान घालून तिच्या हातगाडीवर गेलो आणि माल निवडायचं काम तिच्यावर सोपवलं. हळूहळू रांगेतल्या बायांनी अख्खी पेढीच हाती घेतली. मला काम उरलं नाही. रविवारी घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचो. एका रविवारी राहवेना, गेलोच. बाया डाळ पाखडत होत्या. तिने माझ्यापुढे सूप सरकवलं. मी पाखडायला गेलो आणि निम्मी डाळ खाली सांडली.

ती हसली नाही. दाणे वेचत म्हणाली, "भाऊ, तुमाले निस्तं वाटताच येते काय?"