टिटवीपुरती वाकडी रेघ

आमच्या कचेरीतले मोजणीदार नौपाड्यात राहायचे आणि वाकड्या गोष्टींचा त्यांना मनापासून राग होता. दारातल्या रांगोळीची वेलसुद्धा ते बायकोला सरळ काढायला लावत. "रेघ म्हणजे रेघ," हे दिवसातून दहा वेळा.

एका उन्हाळ्यात आम्ही खाडीकाठच्या दलदलीची हद्द मोजत होतो. ते मोजणीची साखळी लावायचे, मी वहीत आकडे उतरवायचो. तिवरांवर बगळे बसलेले असत, लव्हाळ्यातून पाणकोंबड्या पळत. मी मान वर केली की ते ओरडत, "अहो, पाखरं मोजायचा हुकूम नाहीये!"

एके सकाळी बांधावर एक टिटवी किंचाळत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. साखळीच्या ऐन वाटेत, खड्यांमध्ये तिची चार अंडी होती. मोजणीदार थांबले, घाम पुसला आणि चार पावलं बाजूला सरकून त्यांनी हद्दीची खुंटी ठोकली.

साखळीचं दुसरं टोक धरलेला मिठागरातला म्हातारा हसला. "सायेब, साखली वाकरी झाली!"

"बांधच वाकडा आहे," ते गुरकावले.

वहीत शेरा मात्र त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला: 'पडीक जमीन. येथे काही नाही.'

पुढे तिथे भराव पडला आणि नकाशाबरहुकूम कुंपणाची भिंत उभी राहिली. ती सरळ येते, एका जागी पोट काढते आणि पुन्हा सरळ जाते. येणारे-जाणारे गवंड्याला शिव्या देतात. सर्वांत मोठ्यानं मोजणीदार.