गळकं छत शिवणार नाही

समजा, तुम्हाला एका मोटारीचं छत शिवायचं आहे. पत्र्याचं नव्हे, कापडाचं. मागे ढकललं की ते मागच्या सीटच्या पाठीशी घडी होऊन गुमान बसलं पाहिजे, आणि पुढे ओढलं की ढोलासारखं ताणलं गेलं पाहिजे. घडी सैल कापडाची नीट पडते, पाणी मात्र ताठ कापडावरूनच ओघळतं. म्हणजे एकाच कापडाकडून तुम्हाला दोन उलटी कामं करून घ्यायची आहेत. त्यात आतून लोखंडी कमानी, आणि प्रत्येक कमानीची उंची वेगळी. बरं, चूक कुठे कळते? कापताना नाही, मशीनवर तर नाहीच. सगळं शिवून, गाडीवर चढवून, शेवटची कड समोरच्या काचेवर अडकवायला जाता तेव्हा कळतं की कापड बोटभर कमी पडतंय. आता बसा रडत.

माझी आत्या बसली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आत्या ताडपत्र्या शिवते. ट्रकच्या, मांडवाच्या, दुकानांपुढच्या कापडी छपरांच्या. खोली एवढीशी, त्यामुळे मोठी ताडपत्री घेतली की अर्धी मशीनपाशी आणि अर्धी बाहेर जिन्यात असते. शेजारी जिन्यातून जाताना चपला काढून हातात घेतात, कारण एकदा एकजण चिखलाच्या बुटांनी चढला होता आणि त्याला आत्याने जे ऐकवलं ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं होतं. तिचं नावच ताडपत्री पडलंय. कुणी दारातून विचारलं, "ताडपत्री आहे का घरात?" की आतोबा पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "ताडपत्री बाहेर गेलीये, ट्रक घरात आहे."

गाडी आणली ती गॅरेजवाल्याने. जुनी अमेरिकन, उघड्या छताची, लांबीला होडीसारखी. कुणाच्या तरी परसात तिच्यात कोंबड्या राहत होत्या. त्याने ती वर्षानुवर्षं खपून उभी केली: इंजिन उघडलं, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, चकचकीत बंपर पुन्हा चकचकीत केले, फिका हिरवा रंग दिला. आता फक्त छत राहिलं होतं, आणि ते झालं की गाडी विकायची होती. कंपनीच्या मूळ छताच्या चिंध्या झाल्या होत्या. त्या त्याने आत्याच्या टेबलावर आणून टाकल्या.

"ताई, अस्संच्या अस्सं पाहिजे. आणि हे उसवायचं नाही हं. गिऱ्हाइकाला जुनं-नवं शेजारी ठेवून दाखवायचंय."

"उसवल्याशिवाय माप कसं घेऊ? वास घेऊन?"

"तुम्ही घ्याल कसंही."

तिने जुन्या छतावर कागद अंथरून, पेन्सिल घासून, शिवणी उमटवून घेतल्या. मग आधी स्वस्तातल्या मेणकापडाचं छत शिवलं, गाडीवर ओढलं आणि पाइपने पाणी सोडलं. सगळीकडून पाणी ओघळलं. फक्त मागच्या दाराच्या वर, जिथे बाजूची पट्टी पाठीमागच्या कापडाला मिळते, तिथून धार आत आली आणि सीटवर बसलेल्या गॅरेजवाल्याच्या खांद्यावर पडली. दुसऱ्या बाजूलाही तेच. आत्याने खाली वाकून पाहिलं. त्याच दोन जागांखालचा पत्रा गॅरेजवाल्याला नवा बसवावा लागला होता.

म्हणजे चूक तिची नव्हती. छताची बेतणीच तशी होती.

मग खरं छत शिवताना तिने त्या दोन्ही कोपऱ्यांत कापड उलटं वळवून एक दुमड घातली, पन्हळीसारखी. शिवणीतून येणारं पाणी त्या पन्हळीत पडतं आणि दाराच्या बाहेर जातं. बाहेरून बघाल तर कोपऱ्यात काडीएवढा उंचवटा दिसतो, बाकी काही नाही. मी स्वतः यंत्रांचं शिकलोय, मला ती दुमड पाहून टाळी वाजवावीशी वाटली. गॅरेजवाल्याने तर खरंच वाजवली.

गाडीच्या काचेला 'विकणे आहे'ची पाटी लागली. बघे पुष्कळ आले, गाडीत बसून फोटो काढून गेले. घेणारा आला तो पांढरे हातमोजे घालून. त्याच्याकडे अशा जुन्या गाड्या बऱ्याच आहेत म्हणे. दार उघडायचं तरी हातमोजे, आरसा फिरवायचा तरी हातमोजे. गॅरेजवाल्याने मुद्दाम आत्याला बोलावून घेतलं होतं, कौतुक होईल म्हणून.

हातमोजेवाल्याने इंजिन ऐकलं, मान डोलावली. रंग पाहिला, मान डोलावली. मग जुनं छत नव्याशेजारी पसरायला सांगितलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"दुमड," आत्या म्हणाली. "पाणी आत येऊ नये म्हणून."

"जुन्याला नाहीये."

"नाहीये ना. म्हणूनच गळत होतं."

"मला माहितीये गळायचं ते," हातमोजेवाला शांतपणे म्हणाला. "ह्या सगळ्या गाड्या तिथूनच गळायच्या. खरी असल्याची ती खूण आहे."

आत्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही गडबड झाली. "म्हणजे तुम्हाला गळकी पाहिजे?"

"मला खरी पाहिजे. कंपनीने केलं ते विचार करूनच केलं असणार. ही दुमड काढून द्या, मी गाडी घेतो."

गॅरेजवाल्याचा चेहरा उजळला. एवढंच होय! "ताई, अहो, दोन शिवणी उसवायच्या फक्त."

"आणि मग?"

"मग काय, झालं."

"मग गळेल."

"गळू दे ना! गाडी त्यांची, खांदा त्यांचा, पाणी वरच्याचं! तुमचं काय जातंय?"

"छत माझं आहे," आत्या म्हणाली. "आजवर मी शिवलेल्याखाली कुणी भिजलेलं नाही. गळकं छत मी शिवणार नाही. आणि शिवलेलं गळकं करून तर मुळीच देणार नाही."

"ताई, सीट कव्हरांचं सगळं काम मी तुम्हालाच देतो, हे ध्यानात ठेवा."

हे ऐकल्यावर तिने पिशवीतून ब्लेड काढलं आणि गाडीच्या सीटवर ठेवलं. "उसवायचंय ना? उसवा. तुमची गाडी आहे, मी हात धरणार नाही. पण माझ्या हाताने नाही."

गॅरेजवाल्याने ब्लेडकडे पाहिलं, ताणलेल्या कापडाकडे पाहिलं. एक टाका चुकून सुटला तर सगळं छत ढिलं पडेल, हे त्याला कळत होतं. त्याने ब्लेड उचललं नाही. हातमोजेवाला म्हणाला, "शिंपी बदला, मग फोन करा," आणि गेला.

घरी आतोबांनी सगळं ऐकलं. "एका दुमडीसाठी गॅरेजचं काम घालवलंस?"

"हो."

"सीट कव्हरं आता तो नाक्यावरचा शिंपी शिवणार."

"शिवू दे. त्याची शिवण बसल्या बसल्या उसवते, लोकांना कळेल तरी."

"तू म्हणजे अगदी..." आतोबांनी वाक्य सोडून दिलं. एवढ्या वर्षांत त्यांना ते कधी पुरं करता आलेलं नाही.

तिला गॅरेजवाल्याचा राग नव्हता. डोक्यात घुमत होतं ते हातमोजेवाल्याचं बोलणं. विचार करूनच केलं असणार! काय विचार केला होता, बघू तरी. येताना जुनं छत तिने उचलून आणलं होतंच. आता ना माप घ्यायचं होतं, ना कुणाला दाखवायचं होतं. तिने कोपऱ्यावरचा जाड गोट, शिवणीवर मारलेली पट्टी, उसवला आणि कापड खिडकीपाशी उजेडात धरलं.

गोटाखाली भोकांची एक रांग होती. सुईची भोकं, बारीक, सारख्या अंतरावर. धागा नव्हता. त्या रबरी कापडाचा गुण असा की एकदा सुई गेली की भोक बुजत नाही. आत्याने त्या रांगेवरून कापड वळवून पाहिलं. ते आपसूक वळलं, उलटं, पन्हळीसारखं. तिने दुसरा कोपरा उसवला. तिथेही तसंच.

कंपनीत कुणीतरी ती दुमड घातली होती. मग ती काढली गेली, आणि वरून गोट मारून भोकं झाकली गेली.

आत्या त्याच पावली गॅरेजमध्ये गेली आणि ते फडकं गॅरेजवाल्याच्या समोर धरलं. त्याला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो उडालाच.

"ताई! अहो, मग प्रश्नच मिटला! दुमड कंपनीचीच आहे! मी आत्ता त्यांना फोन करतो, सांगतो, मूळचीच आहे म्हणून."

"असं सांगायचं नाही."

"अहो पण का? तुमची दुमडही राहते, गाडीही जाते, तुमचं कामही राहतं!"

"जिने घातली होती तिची दुमड त्यांनी काढून टाकली. ती गेली. ही मी घातलीये. मूळची म्हणून विकायची नाही. विकायची तर माझी म्हणून विका. लिहा पाटीवर: छत नवीन, गळत नाही."

"तसं लिहिलं तर हे लोक घेत नाहीत हो."

"मग गळणं न आवडणारं गिऱ्हाईक बघा. जगात तसलीही माणसं असतील."

गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला. पण पाटीवर त्याने लिहिलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत, खडूने, आत्या मागे उभी राहून बघत असताना. गाडी अजून तिथेच आहे. सीट कव्हरं नाक्यावरच्याकडे गेलीत.

आत्या ताडपत्र्या शिवतेय. मात्र मध्येच मशीन थांबवते आणि मला विचारते, कारण मी शिकलेला आहे आणि कारखान्यांतलं मला ठाऊक असेल असं तिला वाटतं. मला ठाऊक नाही. कंपनीतली ती शिवणारी बाई होती की पुरुष, हेही कुणाला सांगता येणार नाही; आत्या आपली 'ती' म्हणते.

"तिला कुणीतरी येऊन सांगितलं असणार ना, की हे काढ. तेव्हा ती गप्प बसली असेल, की तोंडावर काही बोलली असेल?"