नव्या आवृत्तीचा कौल

बांद्याच्या बाजारात माझ्या एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी आम्ही तिथे फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ खेळतो. नियमपुस्तकाची नवी आवृत्ती कधी येणार, हा त्याचा रोजचा विषय. "चतुर्थीआधी येतली, बघ!" कंपनी तारीख दडवते याची मला चीड येते, त्याला अंदाज बांधण्यातच मजा वाटते.

पुढची गोष्ट नव्या नियमांनीच, हा त्याचा हट्ट. आमच्यातली एक नोकरीसाठी पुण्याला निघाली, जाण्याआधी तिला खेळायचं होतं, तरी तो हटेना.

"मगे देवाकच कौल लाव!" ती वैतागली.

तो खरंच देवळात गेला. परतला आणि जुनंच पुस्तक उघडून बसला.

"देवाक लायलेली पाकळी डावी पडली. देव नाय म्हणता."

"म्हणजे चतुर्थीआधी पुस्तक नाही?" मी विचारलं.

"पुस्तकाचा खंय इचारलंय? ह्या पुण्याक न जाता हंय रवतला काय, ता इचारलंय." मग तिला म्हणाला, "बस गो. फासो टाक."