दोरी धरणारा

वाळूजच्या कंपनी बसमध्ये तो रोज खिडकीशी बसायचा. मांडीवर डबा आणि डब्यावर दोन्ही हात.

नामांतराचे दिवस होते. भीमजयंतीच्या मिरवणुकीवर दगड येणार, असं जो तो बोलत होता. घरातला पहिला बी.ए. मीच, म्हणून वस्तीनं जयंती माझ्यावर सोपवलेली. मिरवणुकीच्या कडेनं दोरी धरून चालायला मला माणसं हवी होती. बसमध्ये ज्याला विचारलं तो म्हणाला, "येतो की!" यानं मात्र डब्याचं झाकण चाचपलं. "इचार करून सांगतो."

रोज विचारलं, रोज तेच. शेवटी मी चिडलो. "लगीन जमवायचंय का, मामा?"

अख्खी बस हसली. तो नाही. "एकदा व्हय म्हणलं की यावंच लागंल ना, भाऊ. पाळी चुकवली तर ठेकेदार कामावरून काढंल." उतरताना मात्र म्हणाला, "येतो."

जयंतीला दुपारी 'येतो की'वाले बरेचसे फिरकलेच नाहीत. मी चौकात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. तो आला होता, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून उभा. तेवढ्यात त्याची दुसऱ्या पाळीची बस समोर थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, हाकही मारली.

त्यानं बसकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"चला की बी.ए., काढा मिरवणूक."