आभाळातला गोटा आणि मनकर्णाबाईंची हत्या

एकोडीच्या मनकर्णाबाईंचा ग्रहगोलांशी संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तळ्याखालच्या दोन बांध्यांत धान पिकवून त्या एकटीने संसार ओढत होत्या. १९७८च्या रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, पाण्याच्या पाळीवरून शेजारचे शेतकरी श्यामराव यांच्याशी त्यांचे भांडण झाले. पाळी बाईंची असताना श्यामरावांनी दोघांमधला मातीचा धुरा फोडून पाणी आपल्याकडे वळवले होते. शब्दाने शब्द वाढला आणि बाई बोलून गेल्या, "तुया बैलावर अभाळ पडो." ऐकायला तिसरे कोणी नव्हते. श्यामराव हसले, फावडे खांद्यावर टाकून निघून गेले.

त्यानंतर आठवडाही उलटला नसेल. भर दुपारी सुरुंग उडावा तसा आवाज झाला आणि नारळाएवढा काळा गोटा श्यामरावांच्या गुरांच्या कोठ्याच्या छपराची कवेलू फोडून खाली बांधलेल्या बैलाच्या पाठीवर पडला. बैल पुन्हा उठला नाही.

गोटा कोठून आला, हा पंचांपुढचा प्रश्नच नव्हता. जनावर गळ्यात दावे असताना मेले, तेव्हा हत्येचे पाप मालकाचे. रिवाजाप्रमाणे श्यामरावांनी तेच दावे आपल्या गळ्यात घालून, मौन धरून आसपासच्या गावांत भिक्षा मागायची आणि नंतर गावाला जेवण द्यायचे. मध्येच तोंड उघडले तर सारे पहिल्यापासून. सोबत एक माणूस असे. हत्या कशी घडली ते दारोदार सांगणे हे त्याचे काम.

निकाल मनकर्णाबाईंच्या कानावर आला. आपल्या तोंडचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात पडत आहे, हे त्यांनी शेवटी शाळेतल्या वासुदेवराव गुरुजींना सांगितले. गोटा तपासणीसाठी नागपूरला गेला होता आणि तिकडचा अभिप्राय गुरुजींना कळला होता: मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्याच्या आतल्या कडेने फिरणाऱ्या एखाद्या किरकोळ लघुग्रहाचा हा तुकडा असावा, कधीकाळी टकरीत सुटलेला, लाखो वर्षे भटकत आलेला. गुरुजींनी हे सारे सोपे करून सांगितले. "काकू, तो गोटा निघाला तवा माणूसच नोयता. तुमच्या बोलण्यानं कसा येईन?"

बाईंनी ते नाकारले नाही. "असन, गुरुजी. पन श्यामरावच्या अंगावर पडो म्हनाची मले हिंमत नोयती. म्हून मुक्या जनावराचं नाव घेतलं. ते तं मीच केलं ना?"



दुसऱ्या सकाळी त्या श्यामरावांच्या दारी गेल्या, मनातले सगळे बोलल्या आणि सोबत चालायची परवानगी मागितली. श्यामरावांना तो दिवसही आठवत नव्हता. "वयनी, तुया तोंडात एवढी ताकद असती तं तुले देवाजवळ पानीच मांगाले लावलं असतं. धुरा कायले फोडला असता?" मात्र रोवणीचे काम सोडून सोबत यायला दुसरे कोणी तयार नव्हते. त्यांनी होकार दिला. अट एकच, दारात गोट्याचे सांगायचे, शापाचे नाही. बाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत, आणि श्यामरावांनी तोच होकार समजून दावे गळ्यात घातले.

पहिल्या गावातल्या पहिल्या घरातून कुंताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या. हत्या कशी झाली, असे त्यांनी विचारले. मनकर्णाबाईंनी पाण्याची पाळी सांगितली, भांडण सांगितले, आपल्या तोंडचे शब्द जसेच्या तसे सांगितले. गोट्याचा उल्लेख त्यांनी अखेरीस, ओझरता केला.

कुंताबाईंनी मनकर्णाबाईंच्या तोंडाकडे पाहत, मागून आलेल्या नातीला पदराआड ओढले.

श्यामरावांचे ओठ हलले आणि मौन आठवून पुन्हा मिटले. ते जोरजोराने मान हलवू लागले. दाव्याचे टोक छातीवर आपटत राहिले. ते बैलाचे दुःख समजून कुंताबाईंनी झोळीत आणखी एक ओंजळ टाकली. मनकर्णाबाई तोवर पुढच्या दाराशी पोहोचल्या होत्या.