जावेला सांगितलेलं माप

पुण्याहून गडावर माणसं घेऊन येणाऱ्या मानसिंगरावांची गाडी राजगडाखालच्या पालीत शिरली की फुलाबाईच्या अंगणात थांबायची. वीस वर्षांचा शिरस्ता होता तो. गडावर चढायच्या आधी पोहे आणि चहा, उतरून आल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा, आणि पुण्याला परतताना कागदात बांधलेल्या गुळाच्या कापण्या. त्या रविवारी मात्र गाडी तिच्या अंगणावरून पुढं गेली आणि शेजारी, सुलक्षणाच्या दारात थांबली.

फुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पण सुपात उरलेला तांदूळ तिनं खड्यांसकट तसाच पातेल्यात ओतला.

सुलक्षणा म्हणजे तिची धाकटी जाऊ, धनाजीची बायको. नऊ वर्षांमागं कामथडीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. परातीला चिकटायची, तव्यावर टाकताना फाटायची. फुलाबाईनंच तिचा हात धरून शिकवलं होतं. पुढं भावाभावांची चूल वेगळी झाली, तरी मधल्या भिंतीला एक खिडकी राहिली होती. त्या खिडकीतून वास यायचा, फोडणीचा आवाज यायचा, आणि अलीकडं पाहुण्यांचं हसणंही यायचं.

सुलक्षणानं अंगणात पत्रे टाकून लाकडी बाकं मांडली होती. हात धुवायला नळ, बायकांसाठी वेगळं स्वच्छ न्हाणीघर. मोबाईलवर ताटांचे फोटो टाकायची. फुलाबाईच्या मते हे सगळं दिखाऊ होतं. भाजीला चव नाही, भाताला मऊपणा नाही, नुसती ताटात कोथिंबीर पेरायची. हे ती रखमाजीला, म्हणजे नवऱ्याला, रोज ऐकवायची. रखमाजी निमूट जेवायचा आणि उठायचा.

एक गोष्ट मात्र सुलक्षणाला अजून जमली नव्हती, ती म्हणजे कापण्या. तीनदा करून पाहिल्या, तिन्ही वेळा चामड्यासारख्या वातड झाल्या. खिडकीतून तिचा धनाजीला विचारलेला प्रश्न ऐकू आला होता, "दात दुखले का हो?" त्या दिवशी फुलाबाई पोटभर जेवली होती.

मानसिंगरावांची गाडी गेल्यावर संध्याकाळी सुलक्षणा आली. पदराला हात पुसत उंबऱ्यातच उभी राहिली.

"आक्का, पुढच्या रविवारी मानसिंगरावांबरोबर चाळीस माणसं यायची हायत. एवढ्यांना बसायला तुमच्याकडं जागा पुरंना म्हणून माझ्याकडं सांगितलंय त्यांनी. पर कापण्या तुमच्या हातच्याच पायजेत म्हणाले. द्याल का करून?"

फुलाबाईला आधी बरं वाटलं. मग लगेच दुसरा विचार आला. कापण्या माझ्या, आणि वाढणार ही. तिच्या बाकांवर बसून, तिच्या ताटात. नाव कुणाचं होणार?

"मला न्हाई जमायचं गं. गुडघं लई दुखत्यात. चाळीस माणसांचं लाटायचं म्हणजे काय."

"मग माप तरी सांगा. म्या करते."

आणि तिथं फुलाबाईच्या जिभेनं दगा दिला. खरं माप होतं चार वाट्या पिठाला दोन वाट्या गूळ आणि चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. तिच्या आईकडून आलेलं, हातात मुरलेलं. ती म्हणाली, "चारला चार गूळ घे. आन मोहन घाल चांगलं वाटीभर. मग बघ कशा खुसखुशीत व्हत्यात."

"वाटीभर? एवढं?"

"म्या तीस वर्षं करतीया. तू मला शिकीव."

सुलक्षणानं मोबाईलवर ते लिहून घेतलं आणि जाताना वाकून पाया पडली. फुलाबाईच्या पावलांना ते बोचलं. पण तिनं पाय मागं घेतले नाहीत.

रविवारी सकाळपासून ती खिडकीजवळ बसून होती. शेवगा सोलायचा होता, तो मुद्दाम तिथं आणून बसली. तेल तापल्याचा वास आला. मग सुलक्षणाचा आवाज. "अगं बाई! हे काय झालं?" झाऱ्याची खडखड. गूळ आणि तेल जास्त झालेल्या कापण्या कढईत पडल्या पडल्या फुटतात, विरतात, नुसता भुगा होतो, हे फुलाबाईला पुरतं ठाऊक होतं. तिला ते डोळ्यांपुढं दिसत होतं. धनाजी म्हणाला, "टाकून दे सगळं. माणसं गड उतरायला लागली असतील." मग चाळणी आपटल्याचा आवाज आला. फुलाबाईच्या छातीत धडधडत होतं. ती धडधड आनंदाची होती हे तिला नंतर कबूल करावं लागलं, पण त्या वेळी तिनं त्याला काळजी म्हटलं.

दुपारी चाळीस माणसं जेवली. शेवटी गोड वाढलं गेलं असावं, कारण एकदम गलका झाला. हसण्याचा नव्हता तो. "अजून आहेत का?" असं विचारणारा होता.

थोड्या वेळानं मानसिंगराव स्वतः तिच्या अंगणात आले. हातात एक लाडू. लालसर, रवाळ, वर तीळ.

"फुलाबाई, काय सांगितलंत हो जावेला! इतकी वर्षं आम्हाला कापण्यांवर भागवलंत आणि हे लपवून ठेवलंत? ती सांगते, आक्कांच्या मापानंच झाले म्हणून."

सुलक्षणानं तो भुगा टाकला नव्हता. चाळणीत निथळला, त्यात भाजलेलं नाचणीचं पीठ आणि तीळ घातले, आणि गरम असतानाच लाडू वळले होते. गूळ आधीच भरपूर असल्यामुळं ते झकास बांधले गेले. तिला वाटलं, मापात चूक नाही, आपल्याच हाताला वळण नाही. म्हणून पाहुण्यांना तिनं खरंखुरं सांगितलं होतं, की आक्कांनी शिकवलं.

मानसिंगरावांनी लाडू पुढं केला. फुलाबाईनं तो खाल्ला. वाईट निघावा म्हणून तिनं जिभेवर घोळवून पाहिला. लाडू चांगला होता. तिच्या घशाखाली तो उतरला खरा, पण त्या दिवशी तिला दुसरं काही जेवण गेलं नाही.

आषाढ संपेपर्यंत त्या लाडवांचं नाव झालं. गडावर चढणाऱ्यांना खिशात घालून न्यायला ते सोयीचे. नसरापूरचा दिलावर आठवड्यातून एकदा किराण्याचा टेम्पो घेऊन यायचा. त्यानं आपल्या दुकानासाठी मागितले. सुलक्षणानं डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'फुलाआक्कांचे लाडू'. दिलावरनं ती फुलाबाईला वाचून दाखवली.

"वहिनी, तुमचं नाव आता नसरापुरापर्यंत गेलं बघा. माझी बानो म्हणती, ईदच्या शिरखुर्म्यानंतर असं काही खाल्लं न्हवतं."

फुलाबाई दोन्हीकडून अडकली. लाडू तिचे नव्हते म्हणावं तर का नव्हते ते सांगावं लागणार. तिचे होते म्हणावं तर ते तिला करताच येत नव्हते. जो तो तिला येऊन शाबासकी देई आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. आपण जावेच्या कढईत माती कालवायला गेलो आणि तिथं सोनं निघालं. वर ती बया सगळं श्रेय उचलून आपल्यालाच देते. निदान स्वतःचं नाव तरी लावायचं, म्हणजे मोकळेपणानं तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

रखमाजीनं एका दुपारी ताट पुढं सरकवत विचारलं, "तुज्या कापण्यांत कवापासनं वाटीभर मोहन पडाय लागलं गं?"

"कोण म्हणालं?"

"धनाजी. सहज बोलला. तीस वर्षं खातोय म्या तुज्या हातचं." एवढंच म्हणून तो हात धुवायला गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, आणि तेच तिला जड झालं.

श्रावणात सुलक्षणाकडं पुण्याहून पंधरा बायका आल्या. त्यांना गावचे पदार्थ शिकायचे होते. सुलक्षणा खिडकीतून ओरडली, "आक्का, या की! तुमीच दाखवा लाडू कसं करायचं ते."

गुडघ्यांचं कारण सांगून झालं. दोन बायका येऊन तिला हाताला धरून घेऊन गेल्या. सुलक्षणाच्या चुलीपुढं पाट मांडला होता, पीठ, गूळ, तेल सगळं मापून ठेवलं होतं. पंधरा जणी मोबाईल उगारून उभ्या. एकीनं विचारलं, "आजी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

फुलाबाईनं त्या चार वाट्या गुळाकडं पाहिलं. मग सुलक्षणाकडं. ती कौतुकानं बघत होती, पोरीनं आईकडं बघावं तशी.

"सुचलं बिचलं न्हाई काय," फुलाबाई म्हणाली. "हिच्या कापण्या तेलात मोडाव्यात, चाळीस माणसांपुढं हिची फजिती व्हावी, म्हणून म्या खोटं माप सांगितलं. लाडू हिचं हायत. माझं त्यात काय न्हाई."

बायका खो खो हसल्या. आजी किती गंमत करतात, असं त्यांना वाटलं. सुलक्षणा हसली नाही. तिनं पुढं होऊन परात आपल्याकडं ओढली आणि खाली मान घालून पीठ मळायला लागली. फुलाबाई उठून घरी आली.

संध्याकाळी सुलक्षणा दारात आली. आत नाही आली.

"म्या पाया पडले व्हते तुमच्या, आक्का."

"व्हय."

"तवा तरी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मधली खिडकी पलीकडून बंद झाली. डब्यावरची चिठ्ठी बदलली. दिलावरनं विचारलं तर सुलक्षणा म्हणाली, "नुसतं लाडूच म्हणा." तीन आठवडे दोघींत शब्द नव्हता. पाण्याच्या टाकीवर एकीची कळशी लागली की दुसरी लांब उभी राहायची. फुलाबाईला वाटलं होतं, खरं बोलून ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट बंद खिडकीमागं काय शिजतंय, हे न कळल्यानं तिचा जीव जास्तच खालीवर होई.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तिनं पीठ, गूळ, बडीशेप आणि खसखस घेतली आणि सरळ जावेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. विचारलं नाही. चार वाट्या पीठ, दोन वाट्या गुळाचं पाणी, चार चमचे मोहन. प्रत्येक वाटी तिनं सुलक्षणाच्या डोळ्यांपुढं धरून ओतली.

"आता हेच माप खरं कशावरनं?" सुलक्षणानं विचारलं. तीन आठवड्यांतलं ते पहिलं बोलणं.

"एक तळून बघ."

सुलक्षणानं खरोखर एकच तुकडा आधी तेलात सोडला आणि झारा धरून वाट बघितली. फुलाबाई खाली मान घालून बसून राहिली. हा अविश्वास तिनं कमावलेला होता. तुकडा अखंड फुगून वर आला. मग सुलक्षणानं पोळी लाटली आणि करंजीचं कातणं फिरवलं. रेघा इतक्या सरळ, की फुलाबाईच्या तीस वर्षांत तशा कधी आल्या नव्हत्या. तळून काढल्या तेव्हा रंगही तिच्यापेक्षा एकसारखा.

फुलाबाईनं एक तोंडात टाकली.

"कशी झालीया?"

खोटं बोलायची संधी पुन्हा समोर होती. 'बडीशेप जरा जास्त झाली' असं ओठांवर आलंही.

"माझ्यापेक्षा बरी झालीया," ती म्हणाली, आणि हे बोलायला तिला जेवढे कष्ट पडले तेवढे चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापायला पडले नसते. सुलक्षणानं मान हलवली, आभार मानले नाहीत. उरलेल्या कापण्यांतल्या अर्ध्या तिनं ताटलीत घालून जावेपुढं सरकवल्या.

पुन्हा त्यांचं पहिल्यासारखं झालं नाही. सुलक्षणा आता कुठलंही माप विचारत नाही, आणि पायाही पडत नाही. पण गर्दीच्या रविवारी फुलाबाई तिच्याकडं लाटायला बसते, सुलक्षणा तळते. गावात गाडी शिरली की फुलाबाईचं लक्ष अजून चाकांकडं जातं, ती कुठल्या दारापुढं थांबतात ते पाहायला. सुलक्षणाच्या दारात थांबली की ती "मेलीचं नशीब" असं पुटपुटते, आणि पुढची पोळी लाटायला घेते.