जाळरेषेवरचा पाला

तुमच्या गावावर धूर आला, शाळा बंद झाली आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, नागपूरला पण जंगल जळतं का?" नागपुरात जळायला जंगल उरलेलं नाही. पण माझी धाकटी बहीण, तुमची मावशीआजी, जिथे राहते तिथे जळतं. गेल्या चैत्रात मी तिच्याकडे होते तेव्हाची गोष्ट सांगते.

तिचं घर नदीकाठच्या एका वस्तीत आहे. मागे खडकाळ टेकड्या, मध्ये खोल नाले. घर आणि टेकड्यांच्या मधोमध मोहाची झाडं आहेत. कुठलं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. पहाटे फुलं गळतात, बायका ती वेचून वाळवतात आणि त्यावर पावसाळ्यापर्यंत घर चालतं. खाली वाळका पाला असला की फुलं हाती लागत नाहीत, म्हणून तो जाळायची पद्धत होती. कधी कधी ती आग पुढे जंगलात जायची.

त्या वर्षी वनरक्षक म्हणून एक तरुण मुलगी नव्याने आली होती. ती घरोघरी फिरली. पाला झाडून काढा, जाळू नका, नाहीतर गुन्हा नोंदवीन, असं तिने बजावलं. बायकांनी ऐकलं. झाडांखालची जमीन अंगणासारखी लख्ख केली. आता एवढा पाला टाकायचा कुठे? झाडांपलीकडेच एक रुंद मोकळा पट्टा होता, तिथे टाकला.

तो पट्टा म्हणजे जाळरेषा. वणवा आला तर पुढे सरकायला काही मिळू नये म्हणून वनखातं दर हिवाळ्यात ती जमीन मोकळी करतं. आणि आम्ही (हो, झाडू घेऊन मीही होते) तिथेच ढीग रचले. मुलीने स्वच्छ झाडं पाहून शाबासकी दिली. रेषेच्या त्या टोकाला ती गेली नव्हती.

एका दुपारी आभाळ भरून आलं, पण पाऊस पडेना. वरच्या टेकडीवर वीज कोसळली आणि एक सालईचं झाड पेटलं. सालईत डिंक असतो. आधी देवघरातल्या धुपासारखा वास आला, मग ज्वाळा दिसल्या.

मुलगी मोटरसायकलवरून भरधाव आली. "कोणी लावली?"

"वरच्यानं," शेजारची म्हातारी म्हणाली. तिचं मोहाचं झाड रेषेला सगळ्यांत जवळ होतं. "लिही त्याच्या नावानं गुन्हा."

मी बहिणीला म्हटलं, "फायर ब्रिगेडला फोन लाव."

"ताई, नाल्यातून बैलगाडी जात नाही. बंब कुठून येणार?"

मुलगी पाला उडवायचं यंत्र पाठीवर घेऊन रेषेकडे गेली आणि ढीग पाहून तिचा चेहराच उतरला. आग उतारावरून खाली येत होती. यंत्राने थोडा पाला उडाला, पण वारा तो परत आणून टाकत होता. एवढा पाला वाहून दूर न्यायला वेळ नव्हता. आग ढिगांना लागली की मोहाची झाडं जाणार, त्यामागे घरं.

"आजी," ती म्हातारीला म्हणाली, "ढीग रेषेच्या टेकडीकडच्या काठाला ओढा. मी सांगितलं की पेटवा."

म्हातारी पुढे सरसावली.

"काय म्हणून राहिली वं? काल तर काडी दिसली तरी गुन्हा होता!"

"आज मीच सांगते. इकडून लावलेली आग वर जाईल आणि दोन्ही मध्येच भेटतील. खालचं आधीच जळलेलं असलं की वरची पुढे येणार नाही."

"मग मले लावाले सांगू नको," म्हातारीने कमरेची आगपेटी काढून तिच्या हातात ठेवली. "तूच लाव. आमी लावली तर तुया साहेबाले पटन का?"

पहिला ढीग मुलीने लावला. मग बाकीचे सगळ्यांनी. मी आणि बहीण नदीच्या डोहातून पोती भिजवून आणत होतो. बायका ओळीने उभ्या राहून इकडे उडालेल्या ठिणग्या ओल्या पोत्यांनी, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत होत्या. वर दोन आगी भेटल्या तेव्हा मोठा आवाज झाला आणि ज्वाळा एकदम बसल्या.

पण नाल्याकडचा एक ढीग ओढायचा राहून गेला होता. तो इकडेच पेटला आणि म्हातारीचं झाड एका बाजूने शेंड्यापर्यंत होरपळलं.

मुलगी त्या झाडाखाली उभी राहिली. "आजी, मी पाला टाकायची जागा दाखवायला पाहिजे होती."

"आमाले तरी कुठं सुचलं?" म्हातारी खोडावर हात फिरवत होती. काळी झालेली बाजू सोडून ती दुसरीकडे गेली, वर बघितलं. "इकडल्या फांदीले फुल आहे अजून. पण खाली राख. राखेत पडलं तर फुल वाया जाते." तिने झाडू पुढे केला. "झाड, बाई. मी घमेलं आणते."

मुलगी झाडायला लागली. काजळलेल्या तोंडाने आम्हीही लागलो. आता राख कुठे टाकायची हे प्रत्येकीने तिला विचारलं, आणि तिने प्रत्येकीला शेत दाखवलं.

सकाळी मी गेले तेव्हा म्हातारी खाली बसून वेचत होती. टोपलीचा तळही झाकला नव्हता. तिने एक फूल माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. गोड होतं, थोडं धुरकट.